गाडीच्या स्प्रिंगा घरी बदलताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

पावसाळा सरता सरता एका सकाळी माझ्या गाडीची पुढची डावी बाजू खाली बसलेली दिसली. चाकात हवा पुरेशी होती. वाकून पाहिले तेव्हा स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटून त्याचे टोक टायरपासून जेमतेम बोटभर अंतरावर आलेले होते. ती गाडी मी दुरुस्तीला दिली आणि काम चालू असताना शेजारी उभा राहिलो. स्प्रिंग दाबून धरणारे अवजार नीट बसवलेले नव्हते. त्याचा एक आकडा निसटला आणि स्प्रिंग दाराच्या पत्र्यावर इतक्या जोराने आदळली की पत्र्याला खोल पोचा पडला. तिच्या वाटेत कोणी नव्हते, एवढेच त्या दिवशी नशीब. त्यानंतर हे काम मी नीट शिकून घेतले आणि आजवर तीन गाड्यांच्या स्प्रिंगा घरच्या अंगणात बदलल्या आहेत. सुरुवातीला मला जे कोणी सांगितले नाही, ते तुम्हाला आधीच माहीत असावे, यासाठी हे लिहीत आहे.

हा लेख पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आहे. अशा गाड्यांत बहुधा पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकच जोड. मागे आडवा बीम असतो आणि त्यावर स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात. मारुती स्विफ्ट आणि फोक्सवॅगन पोलो यांची रचना अशी आहे. काही गाड्यांत मात्र मागेही स्प्रिंग शॉकअपभोवतीच असते. तुमची गाडी तशी असेल, तर मागच्या बाजूलाही पुढच्या स्ट्रटचेच नियम लागू होतील.

१. बिघाड स्प्रिंगचाच आहे ना, हे आधी ठरवा

गाडीची उंची स्प्रिंग सांभाळते आणि तिचे डोलणे शॉकअप थांबवतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेक जण चांगल्या स्प्रिंगा बदलतात आणि गाडी तशीच डोलत राहते. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसत असेल, तर दोष शॉकअपचा आहे. एक कोपरा खाली बसला असेल, स्टिअरिंग वळवताना पुढून ‘टंग’ असा आवाज येत असेल किंवा थोड्याशा वजनानेही गाडी खाली टेकत असेल, तर स्प्रिंगकडे पाहावे.

यासाठी मोजमाप सोपे आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चारही चाकांत सारखी हवा भरा, आतले सामान बाहेर काढा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहा. एकाच धुरीवरच्या डाव्या-उजव्या मापांत दीड सेंटिमीटरहून अधिक फरक आढळला, तर स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता बरीच आहे. मोजून झाल्यावर टॉर्चच्या उजेडात प्रत्येक स्प्रिंगचा खालचा आणि वरचा वेढा बारकाईने पाहा. स्प्रिंग बहुतेकदा खालच्या वेढ्यात तुटते, कारण तिच्या बैठकीत चिखल साचतो, खड्यांनी रंग उडतो, उघड्या पडलेल्या पोलादाला गंज चढतो आणि त्या गंजलेल्या खाचेतूनच पुढे तडा जातो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे लवकर घडते, त्यामुळे किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर एवढी पाहणी करावीच.

नंतर सीएनजी बसवून घेतलेल्या गाडीची मागची बाजू खाली बसण्याची तक्रार नेहमीची आहे. डिकीतल्या पोलादी सिलिंडरचे कायमचे ओझे मूळ स्प्रिंगवर पडते आणि काही वर्षांत ती बसते. अशा वेळी वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवण्याचा सल्ला बऱ्याच जणांना मिळतो. मी तो देणार नाही. बफर ज्या वेढ्यांत बसतो ते वेढे हलायचे थांबतात आणि त्यांच्या वाटचा ताण उरलेल्या वेढ्यांना सोसावा लागतो.

२. योग्य स्प्रिंग मागवा, आणि जोडीनेच मागवा

दुकानात जाताना आरसी आणि गाडीची माहितीपुस्तिका बरोबर न्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा सहसा वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड असते. त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगून स्प्रिंग घेणे धोक्याचे आहे. आरसीवरचा चासी क्रमांक सांगून सुट्या भागाचा क्रमांक काढून घ्या. जुन्या स्प्रिंगवर रंगाच्या खुणा दिसत असतील, तर त्यांचा फोटो जवळ ठेवा, कारण कारखान्यात स्प्रिंगची प्रत त्या खुणांवरून ओळखली जाते. स्प्रिंग नेहमी एका धुरीवरच्या दोन्ही बाजूंना एकदम बदलावी. एक नवी आणि एक थकलेली स्प्रिंग घेऊन चालणारी गाडी ब्रेक लावताना आणि वळणावर सारखी वागत नाही.

गाडी खाली बसवण्यासाठी कापलेल्या किंवा आखूड स्प्रिंगांचा विचार मनात असेल, तर तो सोडून द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. मूळ प्रतीची स्प्रिंग त्याच जागी बसवणे हा फेरफार नव्हे. कापलेल्या स्प्रिंगचा याहून मोठा दोष असा की तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की ती जागेवरून सरकू शकते.

३. जमवायची अवजारे

सोबत मिळालेला कात्री जॅक पंक्चरच्या वेळी चाक बदलण्यापुरता आहे, या कामाला तो चालत नाही. यासाठी किमान दोन टन क्षमतेचा चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक, तेवढ्याच क्षमतेच्या जॅक स्टँडची जोडी, चाकाखाली लावायला लाकडी पाचरी, सॉकेट म्हणजेच गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, ॲलन की, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा), पोलादी ब्रश, गंज सोडवणारे तेल, हातोडा, पक्की दोरी किंवा जाड तार, डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि हातमोजे लागतील. पुढच्या बाजूसाठी स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारे अवजार, लागतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. याशिवाय स्ट्रटचे माउंटिंग (स्ट्रटला वर गाडीशी जोडणारा भाग), त्यातले बेअरिंग, धूळ अडवणारा बूट, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबू न देणारा रबरी ठोकळा), मागच्या स्प्रिंगांची रबरी बैठक आणि स्ट्रटच्या दांडीवरचे मधले लॉक नट (आपोआप सैल न होणारे) आधीच आणून ठेवा. एकदा उघडलेला लॉक नट परत वापरू नये, आणि गाडी स्टँडवर उभी असताना रविवारी दुपारी बेअरिंग शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

तुमच्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका मिळवा. प्रत्येक बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा हे तिच्यात दिलेले असते. दुसऱ्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका.

४. गाडी उचलण्याआधी जागा पाहा

सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँडचे पाय रुततात किंवा एखादा ब्लॉक कलतो, म्हणून त्याखाली किमान १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा रुंद तुकडा ठेवा. कोकणात अंगणात चिरे सहज सापडतात आणि गाडीखाली चिऱ्याचा थर लावून काम करणारे मी पाहिले आहेत. जांभा दगड एका टोकावर भार पडला की कोणतीही सूचना न देता फुटतो. विटांचेही तसेच आहे. गाडीखाली आधार फक्त जॅक स्टँडचा असावा.

हँडब्रेक ओढा, गिअर घाला आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांच्या दोन्ही बाजूंना पाचरी लावा. मागचे काम करताना हँडब्रेकचा उपयोग नसतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो, त्यामुळे तेव्हा पाचरींवर अधिक भिस्त ठेवावी लागते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला, स्टँड लावा, जॅक सैल करून भार स्टँडवर येऊ द्या आणि गाडीला कडेने जोर लावून हलवून पाहा. ती हलली तर पुन्हा सगळे नीट करा. काढलेली चाके गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे काही चुकलेच तर गाडी थेट जमिनीवर येणार नाही. घरात दुसरी मोठी व्यक्ती असतानाच काम सुरू करा.

५. मागच्या स्प्रिंगा: सुरुवात इथून करा

पहिल्यांदा हात घालत असाल, तर शक्यतो मागच्या बाजूपासून सुरुवात करा. इथे कंप्रेसरची गरज सहसा पडत नाही आणि गाडीची अंगरचना हाताला कळते.

गाडीची मागची बाजू दोन्ही स्टँडवर घ्या, चाके काढा आणि बीमच्या मधोमध जॅक लावून त्याला नुसता आधार द्या. शॉकअपच्या खालच्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडून ठेवलेले असावे. आता दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढा. बीमखाली जॅक नसताना हे बोल्ट कधीही काढू नका, कारण तोपर्यंत बीमला खाली जाण्यापासून शॉकअपच रोखून धरत असतो. बोल्ट निघाल्यावर जॅक अगदी हळू खाली घ्या आणि प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरला थांबून ब्रेकचा होज (रबरी नळी), एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हे पाहा. ताण दिसला, तर त्या क्लिपांतून सोडवून घ्या.

बीम पुरेसा उतरला की स्प्रिंग सैल होते आणि हाताने उचलून काढता येते. ती निघत नसेल, तर पहार घालून उपटण्याचा मोह टाळा. न निघणारी स्प्रिंग म्हणजे अजून दाबलेली स्प्रिंग. बीम थोडा आणखी खाली जातो का ते पाहा, आणि तेही जमत नसेल, तर तिथे कंप्रेसर लावा.

बैठक ब्रशने साफ करा, नवे रबर बसवा आणि नव्या स्प्रिंगच्या वेढ्याचे टोक बैठकीतल्या खाचेला टेकेल अशी ती ठेवा. बीम वर घेताना दोन्ही स्प्रिंगांवर लक्ष ठेवा, कारण एक सरळ बसत असताना दुसरी फिरून जाते.

यानंतरची चूक मी स्वतः केली आहे. शॉकअपचे बोल्ट मी चाके अधांतरी असतानाच पूर्ण आवळले. बुशचे, म्हणजे शॉकअपच्या टोकातल्या नळीभोवतीचे, रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडले गेले, गाडी जमिनीवर आल्यावर ते पिळले आणि काही महिन्यांत फाटले. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावा, मग जॅकने बीम वर घेऊन गाडी जमिनीवर असताना जेवढी उंची असते तेवढ्या उंचीवर आणा आणि तेव्हाच टॉर्क पान्याने आवळा. सुरुवातीला वहीत लिहिलेली मापे इथे कामी येतात.

६. पुढचा स्ट्रट गाडीतून काढणे

पुढची दोन्ही चाके एकदम उचला. एकच बाजू उचलली, तर अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) पिळलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड सुटताना झटका देतो. स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना त्याची दांडीही फिरू लागते, म्हणून ती ॲलन कीने किंवा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी.

स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांना जोडणारे दोन मोठे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या डोक्यांची आणि ब्रॅकेटची जागा रंगाने किंवा मार्करने आखून ठेवा, म्हणजे चाकाचा कल परत बसवताना फारसा बदलणार नाही. बोल्ट अडकला असेल, तर नट टोकाशी दोन-तीन आटे ठेवून मगच त्यावर हातोडा मारा, नाहीतर आटे बसतात. काही गाड्यांत दोन बोल्टांऐवजी नकलच्या पकडीतच स्ट्रट रुतवलेला असतो, त्याची पद्धत वेगळी आहे. बोल्ट निघताच नकल बाहेर कलते. तिला तारेने बांधून ठेवा, म्हणजे ब्रेकच्या होजला ओढ बसणार नाही आणि चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा बाहेर येणार नाही.

आता बॉनेटखालची बाजू. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे: स्प्रिंग दाबून सैल झाल्याची खात्री होईपर्यंत स्ट्रटच्या दांडीवरच्या मधल्या नटला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत माउंटिंगच्या कडेला दोन किंवा तीन नट असतात, तेवढेच काढले की स्ट्रट खाली उतरतो. मधला नट मात्र स्प्रिंगला दाबून धरणारे झाकण असते. काही गाड्यांची रचना याहून वेगळी आहे: दांडीवर एकावर एक असे दोन नट असतात, वरचा स्ट्रटला गाडीशी जोडतो आणि खालचा स्प्रिंगला धरतो. दोन्ही दिसायला सारखेच असतात. तुमच्या गाडीत कोणती रचना आहे हे पुस्तिकेतील आकृती पाहून आधी नक्की करा, आणि आकृती पाहूनही शंका उरली, तर तिथेच थांबा.

शेवटचा नट काढताना एका हाताने स्ट्रट खालून धरा, तो जड असतो.

७. स्प्रिंग दाबणे

या टप्प्यातला धोका आकड्यांत सांगतो. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरमागे २० न्यूटन धरला आणि ती १५० मिलिमीटर दाबली, तर ती ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने परत उघडू पाहत असते. तिच्यात साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल होते. दहा किलोंची वस्तू सुमारे २.३ मीटर उंचीवरून डोक्यात पडावी, एवढी ती आहे, आणि स्प्रिंग ती एका क्षणात मोकळी करते.

म्हणून पहिल्या वेळी माझा सल्ला असा आहे की स्ट्रट घरी काढा, पण तो जसाच्या तसा जवळच्या चांगल्या गॅरेजात न्या आणि भिंतीला किंवा टेबलाला जखडलेल्या कंप्रेसरवर स्प्रिंग बदलून घ्या. नेताना तो अजून न उघडलेला, म्हणजे मधला नट जागच्या जागी असलेला असावा. यात कमीपणा काहीच नाही. बाकीचे नव्वद टक्के काम तुम्हीच केलेले असते. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून नट उघडणाऱ्या माणसाकडे मात्र स्ट्रट देऊ नका.

घरीच करायचे ठरवले, तर सुरक्षा पिना असलेला, चांगल्या प्रतीचा, दोन दांड्यांचा कंप्रेसर घ्या. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही दांड्या स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना लावा, आकडे शक्य तितके जास्त वेढे कवेत घेतील असे अडकवा आणि पिना लावा. वेढ्यांवर तेल किंवा चिखल असेल, तर आधी पुसून घ्या, कारण आकडा घसरतो तो तिथेच. त्यानंतर एका दांडीला दोन फेरे, मग दुसरीला दोन फेरे, अशा क्रमाने हाताच्या पान्यानेच दाबत जा. इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारे यंत्र) वापरू नका. स्प्रिंग एका बाजूला केळ्यासारखी वाकू लागली, तर ताबडतोब थांबा, सैल करा आणि दांड्यांची जागा बदला. या सगळ्या काळात स्ट्रटचे टोक भिंतीकडे असावे, तुमच्याकडे किंवा मदतनिसाकडे नको. तुटलेली स्प्रिंग असेल, तर अधिक जपावे, कारण तिचे वेढे आकड्यांत सरळ बसत नाहीत. अशी स्प्रिंग घरी दाबू नये, असे माझे मत आहे.

स्प्रिंग पुरेशी दाबली गेल्याची खूण म्हणजे ती बैठकीतून मोकळी होते आणि हाताने फिरवता येते. तेव्हाच दांडी ॲलन कीने धरून मधला नट काढा. दांडी पकडीने कधीही धरू नका. तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा पडला, तर तो शॉकअपचे सील कापतो आणि तेल गळू लागते. प्रत्येक भाग काढताना फोटो घ्या आणि ते जमिनीवर काढलेल्या क्रमानेच मांडून ठेवा.

नवी स्प्रिंग जुनीशेजारी उभी करून तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या पडताळा. जुनी थोडी आखूड दिसेल, ते साहजिक आहे. जाडी किंवा वेढे वेगळे असतील, तर ती बसवू नका. जुन्या स्प्रिंगवरचा कंप्रेसर दोन्ही दांड्या आळीपाळीने सैल करतच काढा. मग नवी दाबा, तिची वरची-खालची बाजू तपासा, खालचे टोक बैठकीच्या पायरीला टेकवा, नवा बंप स्टॉप, बूट, बेअरिंग आणि माउंटिंग लावा, नवा नट ठरलेल्या टॉर्कने आवळा आणि त्यानंतरच कंप्रेसर उतरवा. उतरवताना वेढ्याचे टोक पायरीवरून हललेले नाही, हे पुन्हा पाहा.

८. परत जोडणी आणि नंतरच्या तपासण्या

जोडणी उलट्या क्रमाने होते. वरचे नट आधी हाताने लावा, मग आखलेल्या खुणांवर नकलचे बोल्ट, मग लिंक रॉड, होज आणि वायर. होज पिळलेला नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. चाकांचे नट बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळायचे असतात. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या आणि ते आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा.

पहिली फेरी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगाने मारा. स्टिअरिंग वळवताना पुढून आवाज आला, तर बहुधा स्प्रिंगचे टोक पायरीवर नाही किंवा बेअरिंग उलटे बसले आहे, त्यामुळे पुढे न जाता परत या. सारे शांत असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या. खुणा कितीही काळजीने जुळवल्या, तरी चाकांचा कल थोडा बदलतोच आणि तशीच गाडी चालवली तर टायरची एक कड झिजते. गाडीची पुढची उंची वाढलेली असेल, तर हेडलाइटचा झोतही वर गेलेला असतो. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर तो जाऊ नये, म्हणून तो भिंतीवर पाडून खाली घ्या.

साधारण १०० किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. त्याच वेळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा आणि वहीत जुन्या मापांशेजारी तारखेसह लिहा. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात. दोन्ही बाजू सारख्या बसत असतील, तर त्यात काळजीचे काही नाही.